युजेन सँडो

युजेन सँडो (जन्म : २ एप्रिल १८६७, क्योनिग्सबर्ग, प्रशिया, मृत्यू : १४ ऑक्टोबर १९२५, लंडन) हे जर्मनीत जन्मलेले आणि पुढे ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारलेले शक्तिप्रदर्शक, व्यायामशिक्षक, लेखक आणि उद्योजक होते. त्यांचे मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर असे होते. त्यांना आधुनिक शरीरसौष्ठवाचे जनक मानले जाते. रंगमंचावर प्रचंड वजने उचलून त्यांनी कीर्ती मिळवली; तथापि व्यायामाच्या इतिहासातील त्यांचे स्थान मुख्यतः दुसऱ्या एका कामामुळे आहे. बळ ही मोजक्या मल्लांना लाभलेली जन्मजात देणगी नसून, नियमित, मोजूनमापून आणि क्रमाक्रमाने वाढवत नेलेल्या व्यायामाने सामान्य माणूसही ते कमावू शकतो, हा विचार त्यांनी पुस्तके, मासिक, व्यायामसंस्था आणि टपालाने दिले जाणारे शिक्षण यांच्याद्वारे लाखो लोकांपर्यंत पोहोचवला.

प्रारंभिक जीवन

सँडो यांचा जन्म बाल्टिक समुद्रालगतच्या क्योनिग्सबर्ग या शहरात झाला. हे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. त्यांच्या बालपणाविषयीची बरीचशी माहिती त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली असून तिची स्वतंत्र खातरजमा झालेली नाही. आपण लहानपणी अशक्त होतो, वडिलांसोबत इटलीत गेलो असता तेथील प्राचीन पुतळे पाहून आपल्याला शरीर कमावण्याची प्रेरणा मिळाली, असे ते सांगत. ही कथा अभ्यासक सावधपणे घेतात. परंतु ग्रीक व रोमन शिल्पांतील प्रमाणबद्ध देहाचा आदर्श त्यांनी आयुष्यभर डोळ्यांसमोर ठेवला, हे निश्चित आहे.

सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी १८८५ च्या सुमारास त्यांनी प्रशिया सोडले आणि काही काळ सर्कशीत कसरतपटू म्हणून काम केले. याच काळात त्यांनी युजेन सँडो हे नाव धारण केले. ब्रुसेल्स येथे त्यांची भेट लुडविग डुर्लाखर यांच्याशी झाली. प्रोफेसर अटिला या नावाने प्रसिद्ध असलेले डुर्लाखर स्वतः शक्तिप्रदर्शक होते व व्यायामशाळा चालवत. सँडो यांच्या शरीराची ठेवण पाहून त्यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. कसरतीने लवचिक झालेल्या शरीराला अटिला यांनी जड वजनांच्या तालमीची जोड दिली, तसेच प्रेक्षकांसमोर बळ कसे मांडावे याचेही शिक्षण दिले.

लंडनमधील उदय

१८८९ मध्ये लंडनच्या रॉयल ॲक्वेरियम येथे सॅम्प्सन नावाचा शक्तिप्रदर्शक आपला शिष्य सायक्लॉप्स याच्यासह खेळ करत असे. आपल्याला हरवणाऱ्यास ५०० पौंडांचे बक्षीस देण्याचे आव्हान तो रोज प्रेक्षकांना देई. अटिला यांच्या सल्ल्याने सँडो इंग्लंडला आले. त्यांनी प्रथम सायक्लॉप्सला आणि २ नोव्हेंबर १८८९ रोजी खुद्द सॅम्प्सनला पराभूत केले. कपड्यांत सडपातळ वाटणारा हा तरुण अंगातील कोट उतरवताच प्रेक्षक अवाक् झाले, अशी वर्णने त्या काळातील वृत्तांतांत आढळतात. या एका विजयाने सँडो यांचे नाव लंडनभर झाले.

त्यांचे यश मात्र अखंड नव्हते. १८९० मध्ये हर्क्युलीस मॅक्कॅन याच्याशी झालेल्या स्पर्धेत पंचांनी त्यांच्या विरोधात निर्णय दिला. १८९८ मध्ये शेफील्ड येथे आर्थर सॅक्सन याच्याशी झालेल्या सामन्यावरून उद्भवलेला वाद न्यायालयापर्यंत गेला. आपल्या काळात सँडो हे निर्विवाद सर्वाधिक बलवान पुरुष होते, असे म्हणता येत नाही. त्यांचे वेगळेपण बळाइतकेच देहाच्या प्रमाणबद्धतेत होते. तत्कालीन बहुतेक शक्तिप्रदर्शक स्थूल देहाचे असत. सँडो यांच्या शरीरावर मात्र प्रत्येक स्नायू स्वतंत्रपणे दिसे.

अमेरिकेचा दौरा

१८९३ मध्ये सँडो न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील ट्रोकाडेरो नाट्यगृहात फ्लोरेन्झ झीगफेल्ड या तरुण निर्मात्याने त्यांचे कार्यक्रम ठेवले. प्रेक्षक उचललेल्या वजनांपेक्षा सँडो यांच्या देहाकडेच अधिक कुतूहलाने पाहतात, हे झीगफेल्ड यांच्या लक्षात आले. त्यांनी कार्यक्रमात प्राचीन पुतळ्यांसारख्या स्थिर मुद्रांना महत्त्वाचे स्थान दिले. केवळ स्नायूंची ठेवण दाखवणाऱ्या या मुद्रांतूनच पुढे शरीरसौष्ठव स्पर्धांची पद्धत विकसित झाली.

हार्वर्ड विद्यापीठातील व्यायामतज्ज्ञ डॉ. डडली सार्जंट यांनी सँडो यांची शारीरिक तपासणी केली. नेपोलियन सरोनी यांनी घेतलेली त्यांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर विकली गेली. ६ मार्च १८९४ रोजी टॉमस एडिसन यांच्या न्यू जर्सीतील चित्रणगृहात त्यांच्या स्नायुप्रदर्शनाचे चलच्चित्रण झाले. चित्रपटाच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या चित्रणांत त्याची गणना होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे सिंहाशी झुंज असा गाजावाजा करून एक खेळ ठेवण्यात आला. तोंड बांधलेल्या आणि पंजांवर आवरणे चढवलेल्या सिंहाने झुंज न दिल्याने तो फसला. १८९४ मध्येच मँचेस्टर येथे सँडो यांचा ब्लँश ब्रूक्स यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला दोन मुली झाल्या.

व्यायामपद्धती

सततच्या प्रयोगांनी थकलेल्या सँडो यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आपले लक्ष रंगमंचावरून शिक्षणाकडे वळवले. १८९७ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था उघडली आणि 'स्ट्रेंग्थ अँड हाऊ टू ऑब्टेन इट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. १८९८ मध्ये त्यांनी 'फिजिकल कल्चर' हे मासिक सुरू केले. त्याचे नाव पुढे 'सँडोज मॅगझिन' असे झाले. या लेखनातून त्यांची व्यायामपद्धती स्पष्ट होते. तिची प्रमुख सूत्रे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

क्रमवृद्धी : पुस्तकात वय आणि लिंग यांनुसार तक्ते दिलेले होते. कोणता व्यायाम आरंभी किती वेळा करावा आणि ठरावीक दिवसांनंतर ती संख्या कितीने वाढवावी, हे त्यांत नमूद केलेले असे. पहिल्याच दिवशी शक्तीबाहेर व्यायाम करण्याऐवजी शरीराला सवय होईल तसतसा भार वाढवण्यावर त्यांचा भर होता. स्नायूला नेहमीपेक्षा थोडे अधिक काम दिले, तरच तो त्या कामाशी जुळवून घेत बळकट होतो. काम तेवढेच राहिले, तर वाढ थांबते. या तत्त्वाला आज क्रमवर्धी अतिभार असे म्हणतात.

नियमितता : अधूनमधून केलेल्या दीर्घ व्यायामापेक्षा रोज थोडा वेळ केलेला व्यायाम अधिक उपयुक्त ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. दिवसभर कचेरीत बसून काम करणाऱ्या कारकुनालाही घरच्या घरी, सकाळी किंवा रात्री, काही मिनिटांत पूर्ण करता येईल अशी त्यांच्या व्यायाममालिकेची रचना होती.

मनाची एकाग्रता : हलके डंबेल घेऊन नुसते हात हलवल्याने काहीही साध्य होत नाही, ज्या स्नायूसाठी व्यायाम चालला आहे त्यावर चित्त एकाग्र करून तो जाणीवपूर्वक आकुंचित केला पाहिजे, हे सँडो यांच्या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय. यासाठी आरशासमोर व्यायाम करण्याची शिफारस ते करत.

सर्वांगीण विकास : एकच अवयव फुगवणे त्यांना मान्य नव्हते. पुस्तकासोबत स्नायूंचा शरीरशास्त्रीय तक्ता दिलेला असे आणि प्रत्येक व्यायाम कोणत्या स्नायूसाठी आहे ते सांगितलेले असे. ज्या स्नायूला काम दिले जाते तोच प्रामुख्याने विकसित होतो, म्हणून सर्व स्नायुगटांना काम मिळेल अशी मालिका आखली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

व्यक्तिभिन्नता : दूरच्या विद्यार्थ्यांसाठी टपालाने शिक्षण दिले जाई. विद्यार्थ्याने आपले वय, व्यवसाय, प्रकृती आणि छाती, दंड, मांडी इत्यादींची मापे कळवायची आणि त्यानुसार त्याला व्यायाम आखून मिळायचा, अशी ही व्यवस्था होती. ठरावीक काळाने पुन्हा मापे घेतल्यामुळे प्रगती अंदाजाने न ठरता आकड्यांत दिसे.

आहाराच्या बाबतीत सँडो फारसे कडक नव्हते. साधे, पुरेसे आणि नीट चावून खाल्लेले अन्न, माफकपणा, पुरेशी झोप, मोकळी हवा आणि व्यायामानंतर थंड पाण्याने स्नान एवढ्याच त्यांच्या अपेक्षा होत्या.

या पद्धतीला पूरक अशी काही साधनेही त्यांनी बाजारात आणली. त्यांपैकी स्प्रिंगचे डंबेल विशेष लोकप्रिय झाले. या डंबेलची मूठ उभी दुभंगलेली असून दोन भागांच्या मध्ये स्प्रिंगा बसवलेल्या असत. व्यायाम चालू असेपर्यंत मूठ घट्ट आवळून धरावी लागे. लक्ष विचलित होऊन पकड सैल झाली की दोन्ही भाग विलग होत. अशा प्रकारे एकाग्रतेचे सूत्र साधनातच गुंफलेले होते. स्प्रिंगांची संख्या किंवा ताण वाढवून व्यायाम अधिक कठीण करता येई.

१९०१ ची स्पर्धा

बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) ब्रिटनच्या औद्योगिक शहरांतून सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी फार मोठा भाग शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरला. कारखाने आणि दाट वस्त्या यांमुळे राष्ट्राचे आरोग्य खालावत असल्याची चिंता सार्वजनिक चर्चेचा विषय बनली. या पार्श्वभूमीवर सँडो यांच्या कार्याला राष्ट्रीय हिताचे स्वरूप प्राप्त झाले.

आपल्या मासिकाच्या आरंभीच त्यांनी जाहीर केलेली महास्पर्धा १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. निरनिराळ्या परगण्यांतील प्राथमिक फेऱ्यांतून निवडलेले ६० स्पर्धक अंतिम फेरीत उतरले. शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉयल हे परीक्षक होते, तर मतभेद झाल्यास निर्णय देण्याची जबाबदारी सँडो यांच्याकडे होती. सर्वांत मोठे स्नायू असलेल्या स्पर्धकाला पारितोषिक मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट करण्यात आले होते. एकंदर विकास, त्यातील समतोल, स्नायूंची स्थिती व घट्टपणा, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिती हे निकष ठरवलेले होते. नॉटिंगहॅमचे विल्यम मरे विजयी झाले आणि त्यांना सँडो यांचीच प्रतिकृती असलेला पुतळा देण्यात आला. कार्यक्रमाचे उत्पन्न युद्धपीडितांच्या साहाय्यनिधीस देण्यात आले. ही जगातील पहिली मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा मानली जाते.

त्याच वर्षी लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयासाठी सँडो यांच्या संपूर्ण देहाचा प्लास्टरचा साचा घेण्यात आला. युरोपीय वंशाच्या आदर्श देहाचा नमुना म्हणून तो मांडण्यात आला होता. त्यावर टीका व थट्टा झाल्याने तो लवकरच प्रदर्शनातून काढण्यात आला. शरीरसंवर्धनाची चळवळ त्या काळातील वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांपासून अलिप्त नव्हती, याचे हे एक उदाहरण आहे.

भारत आणि महाराष्ट्राशी संबंध

१९०४–०५ मध्ये सँडो यांनी दक्षिण आफ्रिका, भारत आणि पूर्व आशियाचा दौरा केला. भारतात कलकत्ता व मुंबई यांसारख्या शहरांत त्यांचे कार्यक्रम झाले. भारतात तालमी, जोर-बैठका, मुद्गल आणि कुस्ती यांची जुनी परंपरा होती, त्यामुळे त्यांच्या कार्यक्रमांबद्दल येथे विशेष औत्सुक्य होते. त्यांची पुस्तके व साधने मात्र दौऱ्यापूर्वीच भारतात पोहोचलेली होती.

या प्रभावाचे महाराष्ट्रातील सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे होत. त्यांनी सँडो यांची साधने व पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. त्यानंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे आजन्म पुरस्कर्ते राहिले. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले आणि या विषयावर ग्रंथलेखनही केले. कोणत्याही साधनाशिवाय करता येणारा, सर्वांगाला काम देणारा आणि संख्या हळूहळू वाढवत न्यावयाचा हा व्यायाम त्यांना अधिक श्रेयस्कर वाटला. साधने बदलली, तरी रोजचा नेम आणि क्रमाने वाढवलेली संख्या ही सूत्रे दोन्ही पद्धतींत समान असल्याचे दिसते.

मराठीसह अनेक भारतीय भाषांत बिनबाह्यांच्या बनियनला सँडो बनियन किंवा नुसते सँडो म्हणतात. हे नाव युजेन सँडो यांच्यावरूनच रूढ झाल्याचे मानले जाते.

व्यवसाय आणि उत्तरायुष्य

१९०६ मध्ये सँडो यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. १९०७ मध्ये त्यांचे 'द कन्स्ट्रक्शन अँड रिकन्स्ट्रक्शन ऑफ द ह्यूमन बॉडी' हे पुस्तक कॉनन डॉयल यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. याच सुमारास त्यांनी व्यायामाद्वारे रोगोपचार करणारी संस्थाही सुरू केली. १९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांना शास्त्रीय शरीरसंवर्धनाचे प्राध्यापक ही मानाची उपाधी दिली.

स्त्रियांनीही व्यायाम करावा, असे त्यांचे मत होते आणि कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटवर त्यांनी टीका केली होती. पुढे मात्र त्यांनी स्वतःच्या नावाचा कॉर्सेट विक्रीस आणला. आरोग्यवर्धक म्हणून कोकोचेही उत्पादन त्यांनी सुरू केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जर्मनविरोधी भावना तीव्र झाली. सँडो यांच्या जन्मस्थानाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि १९१६ मध्ये त्यांची कोको कंपनी बुडाली. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ इज मूव्हमेंट' या ग्रंथात त्यांनी व्यायामाच्या आधारे रोगमुक्त जगाची कल्पना मांडली.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. महाधमनीचा फुगवटा फुटणे हे मृत्यूचे कारण नोंदवण्यात आले. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने बाहेर ओढल्यामुळे त्यांचा मृत्यू ओढवला, अशी कथा प्रचलित आहे; तथापि अभ्यासक तिच्याबद्दल साशंक आहेत. पटनी व्हेल दफनभूमीत त्यांचे दफन झाले. पत्नीच्या इच्छेनुसार त्यांच्या थडग्यावर नाव कोरण्यात आले नाही. अनेक दशके ते थडगे अनामच राहिले. २००८ मध्ये त्यांच्या वंशजाने तेथे नाव कोरलेली मोठी शिळा बसवली.

मूल्यमापन

सँडो यांच्या पद्धतीवर त्यांच्या हयातीतच आक्षेप घेतले गेले. त्यांचे स्वतःचे शरीर अटिला यांच्याकडील जड वजनांच्या तालमीतून घडले होते. विद्यार्थ्यांना मात्र ते हलके डंबेल विकत असत, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. आजच्या व्यायामशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. हलक्या वजनाने अनेक आवर्तने केल्यास प्रामुख्याने स्नायूंची दमदारी वाढते. कमाल बळ वाढवण्यासाठी जड भार आवश्यक असतो. दोन व्यायामांच्या मधल्या विश्रांतीत स्नायूंची भरपाई होते, यालाही आता अधिक महत्त्व दिले जाते. व्यायामाने बहुतेक सर्व रोग बरे होतात, हे त्यांचे दावे वैद्यकशास्त्राने स्वीकारलेले नाहीत.

असे असले, तरी आरंभीची क्षमता मोजणे, भार क्रमाने वाढवणे, सर्व स्नायुगटांना काम देणे, व्यक्तीनुसार व्यायाम आखणे आणि त्यात खंड न पडू देणे ही त्यांनी लोकप्रिय केलेली सूत्रे टिकून राहिली. १९४० च्या दशकात अमेरिकी लष्करी वैद्य टॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी क्रमवर्धी प्रतिरोध व्यायाम वापरला आणि भार वाढवण्याच्या तत्त्वाला वैद्यकीय अधिष्ठान मिळवून दिले.

वारसा

अमेरिकेतील शरीरसंवर्धन चळवळीचे प्रवर्तक बर्नार मॅकफॅडन यांना १८९३ च्या सँडो यांच्या कार्यक्रमापासून प्रेरणा मिळाली. जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस' या कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम याच्याकडे सँडो यांचे पुस्तक असून त्यातील व्यायाम पुन्हा सुरू करण्याचा विचार त्याच्या मनात येतो. १९३६ च्या 'द ग्रेट झीगफेल्ड' या चित्रपटात सँडो यांचे पात्र आहे. मिस्टर ऑलिंपिया या शरीरसौष्ठव स्पर्धेच्या विजेत्याला १९७७ पासून सँडो यांची प्रतिमा असलेला पुतळा दिला जातो. हा पुतळा सँडो याच नावाने ओळखला जातो.